ब्लँकचा रकाना

प्रयोगशाळेत ब्लँक म्हणजे रिकामं नव्हे. हे वाक्य मी आता पहिल्या वर्षाच्या प्रत्येक नव्या बॅचला सांगतो, दोनदा सांगतो, फळ्यावर लिहितो. पूर्वी सांगत नसे. जे सांगायचं राहिलं आणि राहिलं नाही असं मी म्हणालो, त्या एका दुपारबद्दल हे लिहितो आहे. माझी बाजू मांडावी म्हणून लिहीत नाही, कारण तशी बाजू नाही.

मी नाशकातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे नेमणूक एका सत्रापुरती, जेवढे तास घेतले तेवढ्याचंच मानधन, आणि सत्र संपलं की पुन्हा मुलाखत. ज्या विभागात चौदा वर्षं शिकवतो आहे, त्याच विभागासमोर मी दर सत्राला फाईल घेऊन नवीन उमेदवार म्हणून बसतो. वय सत्तेचाळीस. सोबत मुलाखतीला आलेल्या मुलामुलींपैकी दोघंतिघं माझे विद्यार्थी असतात. ते उठून मला खुर्ची देतात, ते जास्त लागतं.

एका कॉलेजात पुरेसे तास मिळत नाहीत, म्हणून सकाळी नाशिकरोडच्या एका कॉलेजात दोन लेक्चर घ्यायची आणि तिथून गाडी हाणत दुपारी एकच्या प्रॅक्टिकलला इकडे यायचं, असा माझा दिनक्रम. मध्ये द्वारकेचा चौक. तिथं किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही. मी बऱ्याचदा उशिरा पोचायचो. विभागप्रमुख मॅडमनी मला एकदा केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की प्रॅक्टिकलच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं प्रास्ताविक झालंच पाहिजे, मुलांना इंग्रजी शब्द कळत नाहीत, ते शब्द मराठीत फोडून सांगा. आवाज न चढवता त्यांनी पुढे असंही सांगितलं की पुढच्या सत्राची यादी करताना मला हे बघावं लागतं. मी मान डोलावली होती.

त्या वर्षीच्या बॅचमध्ये ती मुलगी होती. सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची. बारावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली, आता नाशकात मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहणारी. पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे सगळ्यांना विचारलं, हा विषय का घेतला. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, फार्मसीच्या यादीत नाव आलं नाही. ती म्हणाली, "पाणी तपासायला, सर."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग तिनं थोडक्यात सांगितलं. त्यांच्या पाड्यावर एकदा एक माणूस आला होता. त्यानं विहिरीचं पाणी औषध असलेल्या एका छोट्या बाटलीत भरून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी काळं पडलं. त्यानं विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं लिहिलं, पाणी पिण्यास अयोग्य, आणि निघून गेला. परत आला नाही. "मग पाणी चांगलं झालं का नाय झालं, कोणाला माहितीच नाय," ती म्हणाली. "आम्ही तेच पितो. अक्षरं पुसट झालीत."

मी छान म्हणालो आणि पुढच्या मुलाकडे वळलो. एवढं नीट कारण मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण एकचे दोन वाजत आले होते.

नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष संपताना मुलांना मुख्य विषय निवडावा लागतो. तिला रसायनशास्त्रच घ्यायचं होतं. पहिल्या महिन्यात तिनं मला दोनदा विचारलं होतं, सर, केमिस्ट्री मेजरला किती मार्क लागतात. जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये लागायला काय शिकावं लागतं तेही विचारलं होतं. मी म्हणालो, आधी पास हो.

तिच्या टेबलावरची जोडीदार महिन्याभरात नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून निघून गेली. तेव्हापासून ती हात धुवायच्या बेसिनशेजारच्या शेवटच्या टेबलावर एकटीच प्रयोग करायची. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं रसायनशास्त्र शेजाऱ्याकडून शिकतात. शेजाऱ्याच्या वहीत बघायचं, शेजारी मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमध्ये बघतो. रीडिंग सगळ्यांची सारखी येतात. आम्ही शिक्षक त्यावर सही करतो. तिला शेजारी नव्हता, आणि वसतिगृहात सायन्सची मोठी मुलगी कोणी नव्हती. जे ब्युरेटच्या मापनळीवर दिसायचं ते ती लिहायची. एकदा तिची तीन रीडिंग तीन वेगवेगळी आली. मी सारखी करायला सांगितली, म्हणजे नीट पुन्हा करायला सांगितलं असा माझा अर्थ होता. तिनं विचारलं, "लिहून सारखी करू का करून सारखी करू?" मला हसू आलं. आज येत नाही.

त्या दिवशीचा प्रयोग तेलाचा होता. तेलाचा साबण व्हायला किती पोटॅश लागतं ते काढायचं. एका फ्लास्कमध्ये थोडं तेल वजन करून घ्यायचं, त्यात मोजून कॉस्टिक पोटॅशचं द्रावण घालायचं आणि गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचं. तेलाला जेवढं पोटॅश हवं तेवढं ते घेतं. जे उरतं ते आम्लानं मोजायचं. पण उरलेलं कळून उपयोग नाही, मुळात किती होतं तेही कळायला हवं. म्हणून दुसऱ्या फ्लास्कमध्ये सगळं तसंच करायचं, तेवढंच पोटॅश, तेवढीच उष्णता, फक्त तेल घालायचं नाही. या तेल नसलेल्या फ्लास्कला ब्लँक म्हणतात. ब्लँकच्या आकड्यातून तेलाचा आकडा वजा केला की उत्तर.

एवढंच प्रास्ताविक होतं. पाच मिनिटं लागली असती.

मी पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. लॅबचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं, त्यांनी मुलांना आत घेऊन बर्नर लावून दिले होते. मी घामाघूम, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तडक फळ्याकडे गेलो. इंग्रजीतून कृती लिहिली, खाली तक्ता काढला. तीन रकाने, सॅम्पल, ब्लँक, डिफरन्स. हजेरी घेतली. तोवर वेळ असा गेला होता की आता बोलत बसलो तर प्रयोग संपणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मुलांनी मागच्या वर्षीच्या जर्नल उघडल्याच होत्या.

अडीचच्या सुमाराला मॅडम आल्या. त्या अधूनमधून येऊन कोणाचीही जर्नल उचलून बघायच्या. त्या दिवशी दाराजवळचं टेबल सोडून त्या थेट बेसिनपाशी गेल्या. तिची वही उचलली. मी तिकडे चालत गेलो, कारण मॅडमचा चेहरा बदललेला मला लांबूनच दिसला.

"ब्लँकचं रीडिंग कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"सोडलाय, मॅडम."

"सोडलाय म्हणजे?"

"वर ब्लँक लिहिलंय ना. म्हणून तो रकाना ब्लँक सोडला."

तिचं चुकलं कुठे हे मला त्याच क्षणी कळलं. जुलैमध्ये तिनं प्रवेशाचा अर्ज भरला होता, वसतिगृहाचा भरला होता, शिष्यवृत्तीचा भरला होता. प्रत्येक खिडकीवरच्या माणसानं बोट ठेवून तिला सांगितलं असणार, हा कॉलम ब्लँक सोडा, हा ऑफिससाठी आहे. आपण सगळे मराठीत तेच बोलतो. पेपर ब्लँक दिला, डोकं ब्लँक झालं. तिला तो शब्द येत नव्हता असं नाही, तो शब्द तिला आपल्या सगळ्यांसारखाच येत होता. इथं तो वेगळा आहे हे सांगणं माझं काम होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, सुरुवातीला सांगितलं नव्हतं का तुम्ही?"

मला नाही म्हणता आलं असतं. मॅडम, आज उशीर झाला, आत्ता सांगतो. फार तर केबिनमध्ये आणखी एकदा ऐकून घ्यावं लागलं असतं. पण मला त्या क्षणी पुढच्या सत्राची यादी दिसली.

"सांगितलं होतं मॅडम," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगितलं होतं." आणि तेवढ्यावर न थांबता, प्रसंग हलका करावा म्हणून म्हणालो, "पण ही फार आज्ञाधारक आहे. ब्लँक म्हटलं की ब्लँक."

वर्ग हसला. माझ्या बाजूनं हसला. त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की मी काहीही सांगितलेलं नाही.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "काय गं, सरांनी सांगितलं होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "सांगला होता." आणि लगेच सुधारून शहरातल्यासारखं म्हणाली, "सांगितलं होतं मॅडम. माझंच लक्ष नव्हतं."

मॅडमनी वही ठेवली, लक्ष देत जा म्हणाल्या आणि गेल्या. मी तिला पुढच्या आठवड्यात ब्लँक करून टाक असं म्हणालो. ब्लँक म्हणजे काय ते तेव्हाही सांगितलं नाही. मघाशी सांगितल्याचं म्हणालो होतो, आता पुन्हा कसं सांगणार? खोट्याला असं सांभाळावं लागतं.

मुलं गेल्यावर मामा फ्लास्क धूत होते. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "तुम्ही आले तेव्हा दोघातिघांचं पोटॅश घालून झालं होतं, सर."

"राहू द्या ना मामा."

"राहू दिलं," मामा म्हणाले.

पुढच्या आठवड्यापासून तिचं नाव ब्लँक पडलं. ए ब्लँक, जरा स्टँड दे. ब्लँक आली का? हे नाव मुलांनी ठेवलं असं मी बराच काळ मानत होतो. पण ते वाक्य माझं होतं, मुलांनी फक्त त्यातला शब्द उचलला. एकदा हजेरीच्या वेळी तिचा नंबर पुकारला आणि कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा मागून आवाज आला, "सर, ब्लँक सोडा." पुन्हा सगळे हसले. मीही ओठ दाबले. ती तेवढ्यात दारातून आत येत होती.

इथं मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. मी नांदगावचा. वडील पंचायत समितीत कारकून होते. शाळा मराठी, घरात इंग्रजीचं पुस्तक म्हणजे माझंच पाठ्यपुस्तक. नाशकात कॉलेजला आलो तेव्हा मीही वसतिगृहात राहत होतो. आणि पहिल्या वर्षी माझ्याही समोर तोच तक्ता होता, त्यात ब्लँक नावाचा तोच रकाना. मलाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. मीही तो मोकळाच सोडणार होतो. पण माझा जोडीदार इथल्या एका इंग्रजी शाळेतला होता. त्याच्या वहीत त्या रकान्यात आकडा होता. मी गुपचूप तो आकडा उतरवला, दशांश चिन्हाच्या पुढचा एक अंक बदलून. मला पूर्ण गुण मिळाले. ब्लँक म्हणजे काय हे मला पुढच्या वर्षी समजलं.

म्हणजे तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी चोरलं आणि तिनं चोरलं नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी पास झालेल्या मुलांचं कौतुक व्हायचं. वही, पेन, एक गुलाबाचं फूल. म्हातारी माणसं उभी राहून तेच तेच सांगायची, वर गेलात की खाली हात द्या. आम्ही मुलं ते कंटाळून ऐकायचो. मला एम.एस्सी. झाल्यावर मिळालेलं फूल आईनं वाळवून ठेवलं होतं. त्या सप्टेंबरात मला ते सगळं आठवायचं, गाडी चालवताना, द्वारकेला थांबलो असताना. उद्या मॅडमना सांगून टाकू असं मी ठरवायचो. मग वाटायचं, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर सत्र संपलं, मुलाखती आल्या. मुलाखत झाल्यावर सांगू. मुलाखत झाली, नेमणूक झाली, आणि मग वाटलं, आता कशाला, विसरले असतील सगळे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गावाहून परत आली तेव्हा तिच्याजवळ खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली होती. त्यात तेल होतं. प्रॅक्टिकल संपल्यावर सगळे गेल्यावर ती टेबलाजवळ आली.

"सर, हे खुरासणीचं तेल. घरच्या खुरासणीचं आहे, घाण्यावरून काढून आणलंय. ह्याचा आकडा काढू का? मी ब्लँक घेते आधी." तिनं ब्लँक हा शब्द अगदी साधेपणानं उच्चारला, जसा आम्ही लॅबवाले उच्चारतो. वसतिगृहात मोबाईलवर बघून तिनं तो प्रयोग पूर्ण समजून घेतला होता. कागदावर कृती लिहून आणली होती, मराठीत. पहिल्या ओळीत ब्लँक होता. "आमच्याकडं म्हणतात, दुकानातल्या तेलापेक्षा हे अंगाला लागतं. आकड्यात कळंल का ते?"

आकड्यात ते कळलं नसतं. दोन्ही तेलांचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. पण का सारखा येतो हे सांगताना मला तिला तेलाबद्दल खूप काही सांगता आलं असतं, आणि जाता जाता त्या दुपारबद्दलही. ती स्वतः तो शब्द घेऊन माझ्यापर्यंत आली होती. यापेक्षा सोपी संधी मला कोणी देणार नव्हतं.

मी म्हणालो, "हे सिलॅबसमध्ये नाही. पोटॅश मोजून मिळतं आपल्याला, मॅडम विचारतात." आणि मग तिचा चेहरा बघून म्हणालो, "ठेव बाटली. बघू नंतर."

तिनं बाटली दिली. मी ती कपाटात दर्शक रसायनांच्या बाटल्यांमागं ठेवली. जानेवारीत एकदा तिनं विचारलं, "सर, ते तेल?" मी म्हणालो, वेळ मिळाला की. पुन्हा तिनं विचारलं नाही.

तिला टाळण्यासाठी मी काय काय करायचो हे आता लिहितानाही नको वाटतं. टेबलांमधून फिरताना मी शेवटच्या टेबलाच्या आधी वळायचो. तिच्या जर्नलवर न वाचता सही करायचो. तिचा हात वर असला तर मामांना म्हणायचो, बघा हो तिला काय हवंय. तिच्याशी मी कधी कठोर बोललो नाही. मला तिच्यावर रागही नव्हता. तिला बघितलं की मला माझं वाक्य ऐकू यायचं, म्हणून मी बघणं सोडलं. शिक्षकानं बघणं सोडलं की पहिल्या वर्षाच्या मुलाचं काय होतं, हे मला चांगलं माहीत आहे.

वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक आले होते. वयस्क, घाईत असलेले गृहस्थ, त्यांना संध्याकाळच्या गाडीनं मनमाड गाठायचं होतं. तोंडी परीक्षेला ते, मॅडम आणि मी असे तिघं एका टेबलामागे बसलो होतो. ती समोर येऊन बसली तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "हीच ना ती ब्लँकवाली?" त्यांना वाईट काही म्हणायचं नव्हतं, त्यांना फक्त आठवलं होतं. परीक्षकांनी तो शब्द ऐकला आणि त्याचाच प्रश्न केला. "येस. व्हॉट इज अ ब्लँक?"

ती म्हणाली, "ज्यात आपला पदार्थ नसतो, पण बाकीचं सगळं असतं, ते. ते आधी केलं की मग कळतं, फरक पदार्थामुळं पडला का दुसऱ्या कशामुळं."

इतकं नेमकं उत्तर मी आजवर कोणत्याही इंग्रजी पुस्तकात वाचलेलं नाही.

"इंग्लिश, इंग्लिश," परीक्षक म्हणाले.

तिनं सुरुवात केली. "ब्लँक इज..." आणि थांबली. हातरुमाल मुठीत घट्ट धरला होता तिनं. मी उत्तर ऐकलं होतं. सर, उत्तर बरोबर आहे, एवढं मला म्हणता आलं असतं. अंतर्गत परीक्षक म्हणून ते माझं कामच होतं. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलंही. पण मॅडम शेजारी होत्या, आणि ब्लँक हा शब्द त्या टेबलावर जितका कमी वेळ राहील तितकं मला बरं होतं.

"पहिल्या वर्षाला एवढं तरी यायला हवं, सर," परीक्षक मला म्हणाले.

"हो सर," मी म्हणालो.

त्यांनी आकडा सांगितला आणि मी माझ्या हातानं तो तिच्या नावासमोर लिहिला. पास होण्यापुरता होता.

जूनमध्ये मुख्य विषयांच्या याद्या लागल्या. रसायनशास्त्राच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आपल्यामुळे काही बिघडलं नाही असं वाटून मी त्या दिवशी कँटीनमध्ये मामांना चहा पाजला. दोन दिवसांनी ती विषय बदलण्याचा अर्ज घेऊन लॅबमध्ये आली. रसायनशास्त्राऐवजी वनस्पतिशास्त्र. त्यावर बॅचच्या शिक्षकाची सही लागायची.

मी अर्ज वाचला. बदलाचं कारण, या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं.

"हे राहिलं," मी म्हणालो.

"तो ब्लँक सोडायचाय सर. ऑफिसात सांगितलंय."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती मला टोमणा मारत होती, का खरंच ऑफिसात तसं सांगितलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. विचारलं, "पाणी तपासायचं होतं ना तुला?"

"झाडांचंबी काम असतं सर आमच्याकडं. जंगल हाय." मग ती म्हणाली, "बॉटनीच्या मॅडम मराठीत सांगतात."

लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं. ब्लँकचं."

"माहिती आहे सर. मी तिथंच होते ना."

"मग तू हो का म्हणालीस?"

तिनं थोडा विचार केला. माझी आशा अशी होती की ती म्हणेल, तुमचा मान राखला सर, किंवा मी घाबरले सर. दोन्हींपैकी काहीही मला चाललं असतं.

"तुम्ही लय घाबरले होते," ती म्हणाली. "माझं काय, मी नवीनच होते."

मी सही केली. दुसरं काय करणार होतो? माफ कर असं मी म्हणालो, पण ते अर्ज परत देताना, खाली बघत म्हणालो, आणि तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"सर, तेवढी बाटली द्या. तेल खवट झालं असंल, ते टाकून द्या. बाटलीला बूच चांगलं आहे, आईला लागते."

बाटली जिथं ठेवली होती तिथंच होती. बूच उघडलं तर वास आला. मी ते तेल बेसिनमध्ये ओतलं, बाटलीत थोडं पोटॅशचं द्रावण घातलं आणि हलवलं. काचेला चिकटलेल्या तेलाचा फेस व्हायला लागला. ती शेजारी उभी राहून बघत होती. "साबण झाला," ती म्हणाली. मी हो म्हणालो. त्या वर्षात आम्ही दोघांनी मिळून केलेला तेवढा एकच प्रयोग. मी बाटली चारपाच वेळा पाण्यानं विसळली, पुसून दिली. तिनं ती पिशवीत ठेवली आणि गेली.

आता ती त्याच कॉलेजात, वरच्या मजल्यावर, तिसऱ्या वर्षाला आहे. जिन्यात भेटली तर नमस्कार सर म्हणते. खालच्या वर्गातल्या कोणाला तिचं ते नाव माहीत नाही.

माझी नेमणूक त्याही वर्षी झाली, त्यानंतरही झाली. आता मी एकच्या प्रॅक्टिकलला एकच्या आधी पोचतो, सकाळचं एक लेक्चर सोडून दिलं आहे. प्रास्ताविक पंधराऐवजी वीस मिनिटं करतो. ब्लँक समजावताना मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून एक किस्साही सांगतो. एका मुलीनं रकान्यावर ब्लँक लिहिलंय म्हणून तो रकाना ब्लँकच सोडला होता. मुलं हसतात आणि त्यांच्या कायमचं लक्षात राहतं. किस्सा मी तिथंच थांबवतो. तिनं विहिरीबद्दल काय सांगितलं होतं, मला कोणी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, हे त्यात नसतं. गेल्या आठवड्यातही मी तो सांगितला. मामा मागे रॅकवर टेस्ट ट्यूब लावत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले.

मॅडम अजून विभागप्रमुख आहेत. परवाच त्या मला म्हणाल्या, "सर, तुमच्या बॅचची मुलं ब्लँक कधी चुकत नाहीत."

मी थँक्यू मॅडम म्हणालो.